अर्ध्या प्रदक्षिणेचं फाटक

त्या टायननच्या गाडीवर वर्षभर समुद्रपक्षी नेम धरून शिटतील, असा शाप मी दिला आणि तो दुसऱ्या दिवसापासून लागू झाला. लोक म्हणतात, गाडी रोज त्याच विजेच्या खांबाखाली लावली तर दुसरं काय होणार. म्हणू देत. ज्यांना शाप द्यावा इतका राग कधी आलाच नाही, त्यांनी यात बोलू नये.

राग कशाचा, ते सांगतो.

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ड्रोहेडाहून समुद्र उजव्या हाताला ठेवून निघालं की रस्ता जिथे संपतो तिथे रॉसलासार नावाचं टोक आहे. टोकावर दीपगृह, दीपगृहाच्या पायथ्याशी एक झरा, आणि अलीकडे चार-दोन घरांची वाडी. त्यातलं एक घर माझ्या मुलाने, अनिमेषने, भाड्याने घेतलं होतं. कंपनीने घरूनच काम करा म्हणून सांगितलं, आणि डब्लिनमध्ये दोन खोल्यांना जे भाडं पडतं त्यात इथे अख्खं घर आणि वर समुद्र मिळत होता. मी २०२०च्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी आंबापोळीच्या डब्यासकट तिथेच अडकलो.

तिथला वारा असा, की पहिल्याच आठवड्यात माझी टोपी उडाली ती थेट वेल्सला उतरली. ती आता तिथल्या एका मेंढीच्या डोक्यावर असते, असं मला एका मच्छीमाराने सांगितलं, आणि मासेमारी करणारा माणूस खोटं बोलत नाही हे कोकणात कोणालाही विचारा.

शेजारी अट्रॅक्टाबाई. वय ऐंशीच्या घरात, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज गलबताच्या भोंग्याइतका. करोनामुळे आम्ही अंतर राखून, दगडी गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहून बोलायचो, त्यामुळे आमच्या गप्पा सगळ्या वाडीला ऐकू जात. माझं इंग्रजी बंदरखात्यातल्या नोकरीत परदेशी खलाशांकडून उचललेलं, म्हणजे निम्मं कामाचं आणि निम्मं शिव्यांचं. बाईंना दोन्ही निम्मी समजायची. मुरलीधर हे नाव मात्र त्यांच्या तोंडात मावत नसे. त्या मला मर्ली म्हणायच्या.

टोकाची हकिकत त्यांनीच सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रज गेला आणि नवं सरकार आलं. नव्या सरकारला समुद्राकडे तोंड करून दिवा हवा होता, आणि दिव्याच्या आडोशाला एखादी तोफ. जमीन वाडीची, गुरं चरायची. काउंटीने, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याने, वाडीला विचारल्यासारखं केलं आणि टोक सरकारला देऊन टाकलं. देणारा एक, घेणारा दुसरा, आणि ज्याचं होतं तो तिसराच! पण बाईंची आजी खमकी. मोजणीवाले आले तेव्हा ती फाटकाच्या जागी आडवी पडली आणि उठायला तयार होईना. तिच्या अंगावर गवत उगवलं आणि त्यात शेळ्या चरायला लागल्या, तेव्हा कुठे साहेब अटी मान्य करायला तयार झाले, असं बाई सांगत. शेळ्यांचं मी बाईंवर सोडतो. पण अटी खऱ्या. त्या फाटकाच्या दगडी खांबावर कोरलेल्या आहेत, शेवाळ खरवडलं की आजही वाचता येतात.

झरा संत लासारबाईंचा. त्यांचा दिवस नोव्हेंबरात. त्या दिवशी ज्याची चूल वाडीत पेटते त्याने आत जाऊन झऱ्याभोवती फेरे घालायचे, सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे आपण देवळात घालतो तसेच. तिकडे या जत्रेला पॅटर्न म्हणतात. एका जरी वर्षी फेरे चुकले, तर वाडीचा हक्क संपला आणि टोक कायमचं सरकारचं.

माझ्या रागाला घरचं जुनं सरपण होतं. आमच्या कातळवाडीलाही असंच टोक. आजोबांच्या पिढीने ते सरकारला दिव्यासाठी दिलं. दिवा झाला. झोत इतका जबर, की वाडीतल्या कोंबड्या रात्रीतून दोनदा अंडी घालायच्या, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही. मग दिव्याला कुंपण आलं, कुंपणाला पहारा आला आणि पहाऱ्याला बंदुका आल्या. टोकावरचा आमचा महादेव कुंपणाच्या आत राहिला. आधी श्रावणी सोमवारी आत सोडत. एका वर्षी साहेब रजेवर म्हणून सोडलं नाही. पुढल्या वर्षी गेलो तर म्हणाले, गेल्या वर्षी कुठे कोणी आलं होतं? झालं. त्या पिंडीवर आज पाणी कोण घालतं, मला ठाऊक नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण ज्याने केली त्याने सरकारला टोक दिलेलं पाहिलं नसणार. नाहीतर बिचाऱ्या भटाचं नाव खराब झालं नसतं.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गडग्यावर मूठ आपटली. "सगळी सरकारं एकाच आईची पोरं, मर्ली! इथून तिथून एकाच आईची!"

त्या सप्टेंबरात बाई ओल्या दगडावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना मलिंगारला आपल्या घरी घेऊन गेली. ऑक्टोबरात पुन्हा लॉकडाऊन लागला आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आली. नेमका तोच मुहूर्त साधून सरकारी किनारा मंडळाने टोकाला नवं कुंपण घातलं, कॅमेरा लावला आणि फाटकावर कागद डकवला. टोकावर समुद्र-पहाऱ्याची नवी यंत्रणा येणार होती. नकाशात झऱ्याच्या जागी एक चौकोन काढलेला होता. त्यात लिहिलं होतं, डिझेलची टाकी.

पॅटर्नच्या आधी दोन दिवस बाईंचा फोन आला.

"मर्ली, बसलायस का?"

"बसलोय."

"उठ. बसून ऐकण्यासारखं नाहीये. मी काल निघाले होते. लेकीला म्हटलं, गाडी काढ. हायवेवर पोलीस गार्डने अडवलं. कुठे, म्हणाला. झऱ्याला, म्हटलं. हे अत्यावश्यक आहे का, म्हणाला. मी म्हटलं, बाळा, तू जन्माला आलास ते अत्यावश्यक होतं का?"

"मग?"

"मग काय! परत पाठवलं." बाईंचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. "मी पहिल्यांदा चर्चमध्ये प्रसाद घेतला त्या वर्षापासून एक पॅटर्न चुकवलेला नाही. माझा भाऊ डोनल त्या दीपगृहाच्या बोटीवर होता, तुला माहितीये. बोट सापडली, तो नाही. आमच्यात म्हणतात, फेरा पुरा झाला की बुडालेला माणूस एका वर्षापुरता घरी येतो. तिथे ते डिझेल ओतणार, मर्ली. त्याच्या वाटेवर डिझेल!"

"वाडीत दुसरं कोण नाही?"

"डब्लिनवाल्यांचे सुट्टीचे बंगले, त्यांना कुलपं. आणि तुम्ही."

"बाई, मी हिंदू."

"मग? झरा पाणी देताना नाव विचारतो का? खांबावर लिहिलंय, ज्याची चूल पेटते तो. तुझी पेटते की नाही?"

अनिमेषला कळलं तेव्हा तो मीटिंग अर्धी सोडून स्वयंपाकघरात आला. कानात ते यंत्र तसंच.

"बाबा, नो. अजिबात नाही. तुमचा व्हिसा इथल्या सरकारने आपणहून वाढवून दिलाय. त्याच सरकारच्या माणसाशी भांडणार तुम्ही?"

"भांडायला कुठे चाललोय? फिरायला चाललोय."

"तुम्ही दूध आणायला जाता आणि भांडून येता!"

"त्याने आंबलेलं दूध दिलं होतं."

"ते ताक होतं, बाबा! तुम्हीच ताक उचललं होतं!"

ज्ञानदा, माझी सून, शेल्फवरून पोह्यांचा डबा काढत होती. डबा काढायला लागणार नाही इतका वेळ तिने लावला. मग म्हणाली, "पाच किलोमीटरच्या आत व्यायाम अलाउड आहे. बाबा व्यायाम करतील. आणि कोणी विचारलंच, तर म्हण, ते काय बोलले मला कळलं नाही, जुनं मराठी आहे."

"तूसुद्धा?" अनिमेष म्हणाला.

"मीसुद्धा काय? त्या बाईंनी मार्चपासून आपल्याला अंडी दिलीत. तू त्यांना काय दिलंस? वायफायचा पासवर्ड."

पॅटर्नचा दिवस आला तो आपल्या धनत्रयोदशीलाच. पहाटे उठून मी परसात तीन दगड मांडले आणि बाईंच्या खोपटातल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा पेटवल्या. घरात इंडक्शनची शेगडी होती. तिला चूल म्हटलं असतं तर चुलीने जीव दिला असता. त्यावर वांगी भाजायला टाकली आणि ज्ञानदाला लॅपटॉपच्या खोक्याचा पुठ्ठा देऊन वारा घालायला बसवलं. धूर सरळ वर गेला आणि वर जाऊन घराकडे बोट दाखवावं तसा वाकला. मी देवाशप्पथ सांगतो.

फाटकाशी टायनन उभा होता. किनारा मंडळाचा अधिकारी. चाळिशीचा, सडपातळ, भारी जाकीट, तोंडावर एकावर एक दोन मास्क, हातात टॅबलेट. अनिमेष म्हणतो, तो वाईट माणूस नव्हता. मला मान्य नाही. वाईट काम करायला वाईट माणूस लागतोच कुठे? हसरा चालतो.

"गुड मॉर्निंग. तुम्ही पाहुणे आहात ना? अट रहिवाशांसाठी आहे."

मी पाठीमागे हात केला. त्याने धूर पाहिला, खांब पाहिला, पुन्हा धूर पाहिला.

"ग्रँड," तो म्हणाला. तिकडे ग्रँड हा शब्द ठीक आहे इथपासून मर तिकडे इथपर्यंत सगळ्याला चालतो. "खांबावरचा नियम मला पाठ आहे. तुम्ही फेरे सुरू केले की पूर्ण होईपर्यंत फाटक उघडं. पूर्ण झाले की मी कुलूप लावणार. लवकर आटपा. पाऊस येतोय, आणि मला पोर्टलीशला जायचंय."

आत गेलो. झरा म्हणजे जमिनीत दगडांचं एक गोल कडं, वर हॉथॉर्नचं काटेरी झुडूप, त्याला लोकांनी नवसाच्या चिंध्या बांधलेल्या. कड्यातून पाणी भरून वाहतं आणि दगडी पन्हाळीतून समुद्राकडे निघून जातं. मी चपला काढल्या. बाईंनी सांगितलं होतं, दर फेऱ्याला एक खडा टाकायचा, मनात डोनलचं नाव घ्यायचं. खडे खिशात होतेच.

पहिला फेरा सुरू केला. उजवा खांदा झऱ्याकडे, ओल्या गवतात अनवाणी, वारा कानात शिरतोय. आणि मला कातळवाडी आठवली. पायांखालचा कातळ, कुंपणाच्या आतला महादेव, आईच्या हातातला तांब्या. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने, असं मी टायननला सांगितलं असतं. असे सगळे फेरे घातले, खडे टाकले, ओंजळभर पाणी प्यालो आणि ताठ मानेने फाटकाशी आलो.

"झाले?" टायनन म्हणाला.

"झाले."

"आय अ‍ॅम सॉरी," तो म्हणाला. त्याला सॉरी वगैरे काही वाटत नव्हतं, मास्कच्या वर गाल फुगलेले दिसत होते. "तुमचा एकही फेरा पूर्ण झालेला नाही." आणि त्याने टॅबलेटवर कॅमेऱ्याचं चित्रण माझ्यासमोर धरलं.

बघतो तर काय! चित्रातला म्हातारा झऱ्याला वळसा घालत पन्हाळीपर्यंत जातो, थबकतो आणि उलटा फिरतो. आल्या वाटेने मागे, पार पलीकडून पन्हाळीच्या दुसऱ्या अंगापर्यंत, आणि तिथून पुन्हा मागे. पाणी ओलांडतच नाही. एकदाही नाही.

महादेवाची प्रदक्षिणा अशीच असते. पिंडीवरचं पाणी ज्या वाटेने बाहेर पडतं ती वाट ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. लहानपणी एकदा ओलांडली म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता. डोक्याने मी रॉसलासारला होतो. पाय कातळवाडीला गेले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बाईंना तरी काय सुचणार होतं? गोल फिर, एवढं सांगितलं की जगातला दुसरा कोणताही माणूस गोलच फिरला असता.

टायनन टॅबलेटवर लिहीत होता आणि लिहिताना मोठ्याने वाचत होता. "फेरे सुरू केले. पूर्ण केले नाहीत." खाली बोटाने सही केली. "तुम्ही स्वतः झाले म्हणालात. म्हणजे यंदाचा पॅटर्न चुकला. मंडळ तुमचं आभारी आहे."

आभारी! माझ्या डोक्याची शीर तटतट उडायला लागली. एक टोक बापजाद्यांनी गमावलं, दुसरं मी माझ्या दोन पायांनी गमावलं. मी त्याला मराठीतून जे म्हणालो ते जुनं मराठी होतं, आणि ज्ञानदा परसातून पुठ्ठ्यासकट धावत आली. मी फोन काढला, मलिंगारला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"ईजिट!" बाई ओरडल्या. पलीकडे झुडपातले पक्षी उडाले. "गाढवा! वीतभर पाण्याला घाबरलास?"

"घाबरलो नाही, बाई. देवावरून आलेलं पाणी ओलांडायचं नसतं."

"सगळ्या देवांचं?"

"महादेवाचं. पण पायांना कुठे कळतं?"

फोनवर मलिंगारच्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत होता, त्यात कुणीतरी केक भाजत होतं. मग बाईंचा आवाज आला, आणि तो इतका खाली उतरला होता की मला भीती वाटली.

"तो आहे का तिथे? तुझा तो माणूस?"

"इथेच आहे, मिसेस," टायनन म्हणाला.

"तू लिहिलंस ते पुन्हा वाच."

"फेरे सुरू केले. पूर्ण केले नाहीत."

"सही केलीस?"

"केली."

"मग कुलपाला हात लावू नकोस. सुरू झालेले फेरे पुरे होईपर्यंत फाटक उघडं. माझ्या आजीच्या अंगावर गवत उगवलं होतं त्या एका ओळीसाठी!"

टायनन हसला. मग हसायचा थांबला. त्याने खांबाकडे पाहिलं. "पण ते म्हणाले, झाले."

"तू म्हणतोस, नाही झाले. तुझी सही आहे. झाले असतील तर हक्क वाचला. झाले नसतील तर फाटक उघडं. एक काहीतरी ठरव रे, आम्ही म्हातारी माणसं आहोत!"

त्याचा मास्क श्वासाने आत-बाहेर होत होता. शेवटी तो माझ्याकडे वळून आर्जवाने म्हणाला, "ठीक आहे. मिस्टर मर्ली, मी सही मागे घेतो. तुम्ही आता जा, एकदा नीट फेरे घाला. पाणी ओलांडा. यंदाचा हक्क शाबूत, मी तसं लिहून देतो. पुढल्या नोव्हेंबरात पुन्हा या."

म्हणजे वर्षातला एक दिवस. साहेब रजेवर नसला तर.

"मर्ली!" फोनमधून भोंगा वाजला. "ओलांडू नकोस! ऐकतोयस? मेलास तरी ओलांडू नकोस!"

मी झऱ्याकडे परत गेलो आणि पन्हाळीच्या अलीकडे दगडावर मांडी घालून बसलो. पाऊस आला. ज्ञानदाने पुठ्ठा माझ्या डोक्यावर धरला आणि दुसऱ्या हाताने भाजलेलं वांगं दिलं. टायनन फाटकाशी भिजत उभा राहिला. "फक्त एक पाऊल, सर," तो मधूनमधून म्हणायचा. "एकच पाऊल. मी हात देतो."

"आमच्यात बसत नाही," मी म्हणायचो आणि वांगं खायचो. पोर्टलीश त्या दिवशी त्याच्याविनाच राहिलं. घरी जाताना शाप दिला तो तेव्हाच.

पुढे मंडळाचे वकील आले, वकिलांचे वकील आले. सगळ्यांनी खांब वाचला, टायननची सही वाचली आणि टायननकडे पाहिलं. एका गोऱ्यापान साहेबाने मला पन्हाळीवर पूल बांधून देऊ केला. पुलावरून गेलं तर ओलांडलं असं होत नाही, हे त्याने मला माझ्या धर्मातलं म्हणून समजावलं. दुसऱ्याने पाणीच पाईपात घालून जमिनीखाली गाडलं, म्हणजे ओलांडायला वर काही राहू नये. सकाळी पाईप गाडला, आणि दुपारी झऱ्याने दुसरीकडून तोंड काढलं, ते बरोबर टायननच्या गाडीखालून. गाडी तरंगत फाटकापर्यंत आली, असं मी म्हणतो. चाकं बुडाली एवढंच, असं अनिमेष म्हणतो. पाईप काढला, हे दोघंही म्हणतो.

आणि फाटक उघडं राहिलं. त्या हिवाळ्यात लोकांना जायला दुसरी जागा नव्हती. पाच किलोमीटरच्या आतली सगळी माणसं चालत टोकावर येऊ लागली. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून आलेली नर्स यायची, मासेमारी करणारे यायचे, घरात कोंडून कावलेली पोरं यायची. कोणी झुडपाला चिंधी बांधे, कोणी मास्कच बांधून जाई. रोज सकाळी मी पन्हाळीपर्यंत जायचो आणि मागे फिरायचो. अनिमेषसुद्धा एकदा आला, खिशात हात घालून. म्हणाला, "व्ह्यू चांगला आहे." आणि पन्हाळीपाशी आला तसा खिशातला हात काढून तोही मागे फिरला.

पण चूल हलते, त्याला खांब काय करणार? २०२१च्या उन्हाळ्यात अनिमेषला ऑफिसात परत बोलावलं, घर सोडायचं ठरलं आणि माझं परतीचं तिकीट निघालं. टायनन मुद्दाम भेटायला आला. गाडी पांढरी झालेली, काचेतून जेमतेम दिसत असेल.

"तुम्ही गेलात की फेरे सोडून दिले असं धरलं जाईल," तो म्हणाला. "हॅव अ सेफ फ्लाइट."

बाई मे महिन्यातच परतल्या होत्या, लस घेऊन, चाकांच्या वॉकरचा कठडा धरून. मी त्यांच्या दारात गेलो. आता गडगा मध्ये नव्हता. टायनन काय म्हणाला ते सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही. तेव्हाच मला कळलं की त्यांनी हे आधीच मनात घोळवलं होतं.

"वाडीत चूल राहिली एक," त्या म्हणाल्या. "माझी."

"हो."

"म्हणजे तू सुरू केलंस ते मी पुढे न्यायचं. आणि पुरं करायचं नाही. यंदाही नाही, पुढेही नाही."

फेरा पुरा झाला की डोनल घरी येणार, आणि फेरा पुरा केला की फाटक बंद होणार. हे मी त्यांना काय समजावणार होतो?

"हरामखोर," बाई म्हणाल्या. टायननला नव्हे, त्यापेक्षा मोठ्या कुणालातरी. "जमीन घेतली. बोट घेतली. आता म्हणतात, एक काहीतरी निवड, बाई. झरा ठेव नाहीतर भाऊ ठेव." आणि कठडा ढकलत त्या फाटकाकडे निघाल्यासुद्धा.

खूप वेळ लागला. दगडांत चाकं अडकायची, मी हात दिला की त्या तो झटकायच्या. फाटकाशी टायनन हातात टॅबलेट घेऊन उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. झऱ्याशी आल्यावर त्यांनी कठडा सोडला, झुडपाला धरलं आणि सूर्याच्या दिशेने चालायला लागल्या. ओठ हलत होते. पन्हाळीशी आल्या तेव्हा पाय सवयीने उचलला गेला. पाण्यावर अधांतरी, बुटाचा तळ थांबला. सत्तर वर्षं तो पाय तिथेच पलीकडे पडला होता.

टायनन एक पाऊल पुढे आला.

बाईंनी पाय मागे घेतला.

"मर्ली," त्या म्हणाल्या. रागाने आवाज फाटला होता. "तुमच्यात मागे फिरताना कोणता पाय आधी?"

मला माहीत नव्हतं. असलं काही कोणी मला कधी सांगितलेलं नाही.

"डावा," मी ठोकून दिलं.

त्यांनी डावा पाय वळवला आणि असा दाबून टेकवला, की चिखलाचे शिंतोडे टायननच्या भारी जाकिटावर उडाले.